मोठ्या मुलांसाठी ईस्टरचं अंडं: आत भेट ठेवून घरी कसं बनवावं

इटलीत ईस्टरचं चॉकलेटचं अंडं मिळण्याचं वय संपत नाही. मुलगा नोकरीला लागलेला असो की मुलगी संसाराला, दुपारच्या जेवणानंतर त्यांच्यापुढे भलंमोठं पोकळ अंडं येतं आणि ते तिथेच फोडायचं असतं, कारण आत 'सोर्प्रेझा', म्हणजे लपवलेली भेट असते. कारखान्यातल्या अंड्यात बहुधा खेळणं किंवा किल्लीची साखळी निघते. ती चाळिशीच्या लेकाला काय कामाची? म्हणून आईवडील आपली वस्तू चॉकलेट बनवणाऱ्याकडे नेऊन देतात आणि तो ती आत ठेवून अंडं बंद करतो. हेच काम घरी जमतं.

सुरुवात चॉकलेटपासून नको, वस्तूपासून करा. नव्या घराची किल्ली, आजीची कुडी, प्रवासाचं तिकीट, हाताने लिहिलेलं पत्र, जे काही असेल ते आधी ठरवा, त्याची लांबी-रुंदी मोजा आणि मग साचा घ्या. 15 सेंटिमीटर उंचीच्या अंड्यात गुंडाळलेलं पत्र आणि एक छोटी डबी आरामात मावते. वस्तू उघडी ठेवू नका. धातूचा वास चॉकलेटला लागतो आणि कागदावर तेलकट डाग उठतात. पत्र बटर पेपरमध्ये, दागिना घट्ट झाकणाच्या स्वच्छ डबीत. डबी आत खडखडली की कवच तडकतं, म्हणून तिच्याभोवती बटर पेपरचा बोळा हवाच. घरात लहान नातवंडं असतील तर सुटी बारीक वस्तू टाळा. अंडं कुणाचंही असलं तरी पहिला हात त्यांचाच पडतो.

साचा पॉलीकार्बोनेटचा, पारदर्शक आणि कडक घ्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातल्या बेकरी सामानाच्या दुकानांत मिळतो. 15 सेंटिमीटर उंच, 3 मिलिमीटर जाडीच्या अंड्याला साधारण 160 ते 180 ग्रॅम चॉकलेट लागतं, पण वितळवायला 500 ग्रॅम घ्या. साचा भरून ओतायचा असतो. उरलेलं परत वापरता येतं. पाकिटावर कोको बटर लिहिलेलं असावं. वनस्पती तेलाचं 'कंपाउंड' सोपं पडतं, टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून, निववून चकचकीत आणि कडक आवळेल असं करणं) लागत नाही, पण तोंडात मेणासारखं राहतं. मोठ्यांसाठी 55 ते 70 टक्के कोकोचं डार्क उत्तम. ते आजचं फॅडही नाही: इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने 1873 मध्ये आणि कॅडबरीने 1875 मध्ये अंडी काढली, तेव्हा दुधाच्या चॉकलेटची अंडी यायची होती.

आता टेम्परिंग. सगळं अपयश इथेच होतं, म्हणून थर्मामीटरशिवाय बसू नका. खोली एसी लावून 20 ते 22 अंशांवर आणा. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान पडतो. आपल्याकडे त्या उन्हाळ्यात उघड्या स्वयंपाकघरात चॉकलेट आवळतच नाही.

350 ग्रॅम बारीक चिरून गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगं ठेवून 45 ते 48 अंशांपर्यंत वितळवा. वाडग्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. वाफेचा एक थेंब जरी आत पडला तरी चॉकलेट घट्ट, दाणेदार होतं. खाली उतरवून उरलेले 150 ग्रॅम चिरलेले तुकडे तीन-चार वेळा घालत ढवळत राहा. त्या तुकड्यांतले कोको बटरचे योग्य स्फटिक बाकीच्याला वळण लावतात. 31-32 अंशांवर थांबा (दुधाच्या चॉकलेटला 40 ते 45 पर्यंत तापवून 29-30 वर). सुरीचं टोक बुडवून ठेवा. पाचेक मिनिटांत चकाकी येऊन आवळलं तर काम झालं. पट्टे दिसले तर अजून ढवळा.

साचा कोरड्या कापसाने पुसून लख्ख करा. दोन्ही अर्ध्यांत पाळीपाळीने चॉकलेट ओतून साचा तिरका फिरवत काठापर्यंत पोचवा, बुडबुडे निघावेत म्हणून ओट्यावर आपटा, मग उलटे करून जास्तीचं वाडग्यात ओता. काठ पट्टीने खरवडा. दहा मिनिटांनी दुसरा थर. नेहमी काठ पातळ राहतो आणि तिथेच अंडं फुटतं, म्हणून काठावर ब्रशने तिसरा हात फिरवा. 15 ते 20 मिनिटं फ्रीजमध्ये. बाहेरून पाहिल्यावर चॉकलेट साच्यापासून सुटल्यासारखं फिकट दिसलं की उलटून हलकेच सोडवा. ते आकसून आपोआप सुटायला हवं; चिकटलं तर टेम्परिंग चुकलं आहे, ओढाताण न करता परत वितळवा.

सुती हातमोजे घाला, बोटांचे ठसे लगेच उमटतात. एक अर्धा वाटीत टेकवून आत भेट ठेवा. कोमट ताटलीवर दुसऱ्याचा काठ दोन-तीन सेकंद फिरवा आणि लगेच जोडा. सांधा दिसला तर वितळलेल्या चॉकलेटने वर नाव लिहा. प्रत्येकाचं नाव हवंच, सुनेचं आणि जावयाचंही. पोटच्या मुलांनाच अंडं दिलं तर टेबलावर ते लगेच जाणवतं.

नंतर पांढुरके डाग आले तर दोन कारणं. बोटाने पुसले जाणारे तेलकट डाग म्हणजे उष्णतेने कोको बटर वर आलेलं. खरखरीत डाग म्हणजे फ्रीजबाहेर काढल्यावर दव धरून साखर वर आलेली. म्हणून अंडं हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

मुलं परगावी असतील तर पोकळ अंडं कुरियरने पाठवू नका, उन्हात वितळतं. गोव्याच्या आणि वांद्र्याच्या घरांतलं काजूच्या मार्झिपानचं अंडं त्यासाठी कितीतरी बरं: 250 ग्रॅम काजूपूड, 250 ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा पांढरा भाग आणि थोडं गुलाबपाणी मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत परतायचं, साच्यात दाबायचं आणि रात्रभर सुकवायचं. भेट मग आत नाही, सोबत ठेवायची. अमेरिकेतल्या मुलांसाठीही तेच करा. खाऊच्या आत न खाण्याची वस्तू घालून विकायला तिथे 1938 च्या कायद्याने बंदी आहे आणि आत खेळणं असलेली अंडी सीमेवर जप्त होतात.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात कुणी गोड सोडलं असेल तर अंडं ईस्टरच्या मिस्सेनंतरच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतरच, हाती द्या. फोडताना खाली स्वच्छ कापड अंथरा. उरलेले तुकडे हवाबंद बरणीत भरले की केकसाठी महिनाभर पुरतात.