‘सर्व इस्राएल’मध्ये माझं एक वर्ष गेलं

स्कॉटिश प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडचं मुख्य प्रॉटेस्टंट चर्च) आणि यहुदी, हा विषय प्रबंधाला घेताय? घ्या. फक्त मी जिथे आपटले ते ऐकून घ्या.

बायबलमधलं रोमकरांस पत्र, 11:26. सगळ्या इस्राएलाचं तारण होईल, असं पौल म्हणतो. प्रेस्बिटेरियन हे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतले, म्हणजे अर्थही कॅल्विनचाच, असं धरून मी अख्खं प्रकरण लिहिलं. कॅल्विनच्या मते इथला ‘इस्राएल’ म्हणजे यहुदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाची सगळी प्रजा. मग 1839 मध्ये मॅक्शेन, अँड्र्यू बोनार, कीथ वगैरे स्कॉटिश पाळक यहुद्यांची स्थिती पाहायला पॅलेस्टाइनपर्यंत का गेले? परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं आणि माझी बोलती बंद. त्या मंडळींचा इस्राएल वंशाने यहुदीच होता. तो एक दिवस ख्रिस्ताकडे वळेल ही आशा प्युरिटनांकडून, म्हणजे कडव्या इंग्रज प्रॉटेस्टंट सुधारकांकडून, आलेली. प्रेस्बिटेरियनांची शिकवण प्रश्नोत्तरांत मांडणाऱ्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीतला 191वा प्रश्न काढा: ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना यहुद्यांना पाचारण व्हावं, हेही मागायचं. छोट्या प्रश्नोत्तरावलीत हे नाही, आणि मी छोटीवरच भागवलं होतं! मार्गदर्शकांनी तीन महिन्यांनी मसुदा परत दिला तो ‘छान’ एवढा शेरा मारून. छान म्हणणाऱ्या मार्गदर्शकापासून सावध राहा.

घाबरू नका, पुढचा भाग रंजक आहे. पॅलेस्टाइनहून परतीच्या वाटेवर कीथ हंगेरीतल्या पेस्टमध्ये (आजच्या बुडापेस्टचा भाग) आजारी पडले, तिथल्या प्रॉटेस्टंट आर्चडचेस मारिया डोरोथिया मदतीला आल्या, आणि 1841 मध्ये यहुद्यांसाठीचं मिशन उभं राहिलं ते हंगेरीत. 1843 मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं तेव्हा यहुद्यांमधले मिशनरी वेगळ्या निघालेल्या फ्री चर्चकडे गेले. त्यामुळे कुठला अहवाल कुठल्या चर्चचा, हे पहिल्या पानावरच लिहून ठेवा.

आपला, मराठी वाचणाऱ्यांचा, फायदा वेगळाच आहे. 1829 मध्ये मुंबईत आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सननी बेने इस्राएलांसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांसाठी, 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. ख्रिस्ती झाले ते मोजके. बाकीच्यांनी हिब्रू शिकून घेतली आणि स्वतःच्या सिनेगॉगमध्ये वापरली. मिशनच्या अहवालात ही बाजू ओझरती येते, म्हणून बेने इस्राएलांनी स्वतः लिहिलेलं मराठी साहित्य आधी वाचा. एडिनबरोच्या विद्यार्थ्याला ते वाचायला दुभाषा लागेल, तुम्हाला नाही.