बेळगाव परिसरातील हिवाळी पक्षी: निरीक्षण आणि नोंद

राकसकोप जलाशयावर किंवा हिडकल धरणाच्या काठावर हिवाळ्यात पक्षी पाहायचे असतील, तर सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरून उजाडतानाच बसावे, कारण ऊन चढल्यावर पाण्याच्या चकाकीत बदकांचे रंग कळेनासे होतात. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरेशी आहे.

चक्रवाकाचे नारिंगी अंग नवख्यालाही ओळखू येते. घटप्रभा पक्षी अभयारण्य ज्यासाठी प्रसिद्ध आहे त्या कांड्या करकोचाची नोंद मात्र राखाडी अंग, काळा गळा आणि डोळ्यामागचा पांढरा तुरा या तिन्ही खुणा पटल्यावरच करावी.

शाळूच्या शिवारात दाणे टिपायला भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे उतरतात. इंग्लंडमध्ये एकटी भोरडी दिसली तरी पक्षीप्रेमींना अप्रूप वाटते. आपला शेतकरी मात्र तिच्यावर गोफण फिरवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. असा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजावेत, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरावी आणि तेवढे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहून अंदाज लिहावा.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची असल्यास किमान १५ मिनिटे एका ठिकाणी थांबून, ओळखलेला प्रत्येक पक्षी, अगदी कावळा आणि साळुंकीसुद्धा, यादीत घ्यावा. केवळ दुर्मीळ पक्षी लिहिल्यास नेहमीचे पक्षी घटल्याचे पुढे कळत नाही. ओळख पटली नसेल, तर ‘अनोळखी बदक’ एवढेच लिहावे. घुबडाच्या ढोलीचा नेमका पत्ता कोणालाही पाठवू नये.