युनिट टेस्ट लिहायला घेताय? आधी किती पास झाल्या ते मोजा

युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एक छोटा भाग बरोबर चालतो का ते तपासणारं फंक्शन. पायटेस्ट (पायथॉनमध्ये टेस्ट चालवणारं टूल) कसं टाकायचं, असर्ट (उत्तर हवं तेच आलं का ते तपासणारी ओळ) काय करतं हे तुम्हाला येत असणार, ते सोडते. फाइल आणि फंक्शन, दोन्हींची नावं टेस्ट_ ने सुरू करायची, बास.

मला रडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. समजा बिल १००० किंवा जास्त असेल तर १० टक्के डिस्काउंट देणारं फंक्शन आहे. टेस्ट तीन, ९९९, १००० आणि १५०० च्या बिलांसाठी एकेक. आपण एक लिहितो, कॉपी-पेस्ट मारतो, आकडे बदलतो आणि नाव बदलायचं राहून जातं. आता १००० वाली आणि तिच्या खालची १५०० वाली, दोघींचं नाव एकच. पायथॉन हूं की चूं करत नाही. डेफ (फंक्शन लिहिताना सुरुवातीला येतो तो शब्द) म्हणजे त्याच्या लेखी नावाला फंक्शन बांधणं, तेच नाव खाली परत आलं की वरचं गेलं, आणि पायटेस्ट फाइल पूर्ण लोड झाल्यावर जी नावं उरतात तीच उचलतं. म्हणजे १००० वाली चाललीच नाही! कोडमध्ये >= ऐवजी नुसतं > पडलं असेल तर ते पकडणारी तीच एक होती. स्क्रीन मात्र हिरवीगार. कव्हरेजही (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या ते) १०० टक्के, कारण ९९९ आणि १५०० मिळून सगळ्या ओळी चालून जातात. त्यामुळे "कव्हरेज वाढव" एवढंच सांगणाऱ्या सीनियरचं मी तरी फार मनावर घेत नाही.

तीन लिहिल्या तर ३ पास्ड दिसलंच पाहिजे. रफ किंवा फ्लेक८ ही कोडमधल्या चुका दाखवणारी टूल्स लावून ठेवा, ते अशा ठिकाणी एफ८११, म्हणजे तेच नाव परत आल्याचा इशारा देतात. आणि प्रत्येक टेस्टसाठी कोड एकदा मुद्दाम बिघडवून ती लाल होते का बघा, होत नसेल तर उडवा सरळ.

एआयकडून टेस्ट लिहून घेऊ नका, निदान सुरुवातीला. ते तुमचाच कोड वाचून लिहितं, मग > ची चूकसुद्धा बरोबर उत्तर म्हणून असर्ट होऊ शकते.

०.१ + ०.२ बरोबर ०.३ ही टेस्ट फेल झाली तर घाबरू नका, तुम्ही काही चुकला नाहीत, फ्लोट (कम्प्युटरमधली दशांश संख्या) असाच असतो, पायटेस्टचं अप्रॉक्स वापरा, ते बारीकसा फरक चालवून घेतं.

क्लासच्या टेस्ट लिहिणं पण तितकं अवघड नाही हो, समजा खरेदीच्या कार्टचा क्लास आहे. फक्त कार्टचा ऑब्जेक्ट फाइलच्या वर एकदाच बनवू नका, एका टेस्टने टाकलेली वस्तू दुसरीला दिसते, मग एकटी चालवली की पास, सगळ्या मिळून चालवल्या की फेल, आणि आपण बसतो डोकं धरून. फिक्श्चर (टेस्टला लागणारी तयारी आपोआप करून देणारी पायटेस्टची सोय) नंतर शिका, आत्ता प्रत्येक टेस्टच्या पहिल्या ओळीत नवीन कार्ट बनवा, चालतंय.