जुनी छोटी गाडी घेताय? आधी हे बघा
जुनी वॅगनआर किंवा स्विफ्ट बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका, इंजिन थंड असतानाच स्टार्ट मारून बघायचंय, कारण गरम इंजिन बरंच काही लपवतं. निळा धूर आला म्हणजे ऑइल जळतंय, सरळ दुसरी गाडी बघा. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाचे डाग असले तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते, मग कितीही स्वस्त मिळू दे, नकोच, वायरिंग पुढे फार छळतं. टायरवर २३१९ असा आकडा असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलाय. आणि आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे गाडीवरचं कर्ज, असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.