वासरांची हगवण: नव्याने प्रॅक्टिसला लागणाऱ्यांसाठी

हगवण लागलेल्या वासरापाशी गेलात की बॅग उघडण्याआधी त्याचं वय विचारा. 'आठवड्याचं असेल' या उत्तरावर समाधान मानू नका, व्यायल्याचा दिवस काढून घ्या. पहिल्या 4 दिवसांतली पाण्यासारखी हगवण असेल तर माझा पहिला संशय ई. कोलाय या जिवाणूवर. पाचव्या दिवसापासून पुढचे दोन-तीन आठवडे रोटा आणि कोरोना या विषाणूंचे, आणि बऱ्याचदा त्यांच्या जोडीला क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी. (हा कोरोना गुरांचा, मालक नाव ऐकूनच घाबरतात, आधीच सांगून टाका.) वयावरून अंदाज येतो, निदान होत नाही. शेणाच्या रंगावरून तर अंदाजही नको.

रोटा लहान आतड्यातल्या विलायच्या (अस्तरावरच्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांच्या) टोकाच्या पेशी मारतो. दूध पचवायचं काम त्याच पेशींचं, त्यामुळे न पचलेली दूधसाखर आतड्यात पाणी ओढत राहते. कोरोना मोठ्या आतड्यातही उतरतो, म्हणून तो जास्त छळतो. वासरू मरतं ते मात्र बहुतेकदा पाणी, क्षार गेल्यामुळे आणि रक्तातलं आम्ल वाढल्यामुळे. म्हणून विषाणूचं नाव नंतर, पाणी आधी.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांतही सपाट झाली नाही तर पाणी कमी पडलंय. डोळा खोल गेलाय का, खोबणीत फट दिसते का, पाहा. मग तोंडात बोट घाला. जोरात चोखलं तर तोंडावाटे इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं पाणी) चालेल. तोंड गार, चोखणं बंद आणि वासरू उठत नसेल तर वेळ न घालवता शिरेतून सलाईन. 40 किलोच्या वासरात वजनाच्या 8 टक्के पाण्याची तूट म्हणजे 3.2 लिटर, चालू हगवणीत जाणारं पाणी त्याशिवाय. एका बाटलीने भागत नाही ते यामुळे. दूध तोडू नका, इलेक्ट्रोलाइट दोन दुधांच्या मधे द्या.

अँटिबायोटिक विषाणूला लागत नाही. ताप असेल, वासरू मलूल असेल तर रक्तात जंतू उतरल्याच्या शंकेने देतो, एरवी नाही.

नमुना हगवण लागल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच, थेट गुदद्वारातून घ्या आणि बर्फात पाठवा. रोटा पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. धडधाकट वासरंही तो शेणातून टाकत असतात.

गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत हगवणीविरुद्धची लस दिली तरी वासराला तिचा उपयोग चिकातूनच. जन्मल्यावर 4 ते 6 तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला का, हे दर खेपेला विचारा. गोठ्यात फिरताना आधी निरोगी वासरं, आजारी शेवटी. हातमोजे घालाच, क्रिप्टोस्पोरिडियम माणसालाही होतो.