प्युअर डेटा शिकताय? मदत त्या डब्यातच आहे

प्युअर डेटा हे मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात लिहिलेलं मोफत सॉफ्टवेअर. यात पडद्यावरचे डबे (प्रत्येक डबा एक छोटं काम करतो) तारांनी जोडून आवाज घडवायचा. नवशिके अडले की थेट यूट्यूब उघडतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण इतकं चांगलं शिकवणारं साहित्य सॉफ्टवेअरसोबतच आलेलं असतं.

कुठल्याही डब्यावर राइट क्लिक करून ‘हेल्प’ निवडा. जे उघडतं तो नुसता मजकूर नसतो, तो चालता पॅच, म्हणजे डबे जोडून केलेली तयार रचना असते. त्यातले आकडे बदला, आवाज ऐका, हवा तो भाग कॉपी करून आपल्या फाइलमध्ये चिकटवा. फक्त मूळ फाइल सेव्ह करू नका. रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून हेल्प घेतलं, तर अंगभूत डब्यांची यादीच मिळते. नाव आठवत नसेल तेव्हा हीच कामाला येते.

मग हेल्प मेन्यूतल्या ब्राउझरमधून ऑडिओची उदाहरणं काढा. पहिल्यात ४४० हर्ट्झचा साधा सूर आहे. ऑसिलेटरमधून, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या डब्यातून निघालेला सिग्नल आधी एका छोट्या दशांशाने गुणला जातो, मगच स्पीकरकडे जातो. हा गुणाकार नीट बघून ठेवा. तो गाळलात तर सूर पूर्ण ताकदीनिशी कानावर आदळतो, हेडफोन असेल तर फारच वाईट. म्हणून सुरुवातीला आवाज कमीच ठेवा.

रोज एक उदाहरण घ्या आणि ते न बघता पुन्हा जोडून पाहा.