चार्पीचं सॅम्पल कापायच्या आधी फोर्जिंगचा ग्रेन फ्लो कसा शोधायचा

एकाच फोर्जिंगमधून एकाने उभं, दुसऱ्याने आडवं सॅम्पल काढलं की चार्पीचे (खाच पाडलेलं सॅम्पल हातोड्याने तोडून लागलेली एनर्जी मोजायची टेस्ट) ज्यूलचे आकडे जुळत नाहीत आणि खापर फुटतं हीट ट्रीटमेंटवर. ग्रेन फ्लो म्हणजे ठोकताना धातूतले तंतू ज्या दिशेने ताणले जातात ती दिशा. सॅम्पलची लांबी फ्लोच्या दिशेने असेल तर क्रॅकला तंतू तोडत जावं लागतं, एनर्जी जास्त लागते, आणि लांबी फ्लोला आडवी असेल तर लाकूड उभं चिरावं तसं सोपं जातं, आकडा खाली येतो.

आधी जॉब बनला कसा ते विचारा, अर्धं काम तिथेच होतं. बार ठोकून लांब केला असेल तर फ्लो लांबीत, रिंग रोलिंग असेल तर परिघावरून गोल, अपसेट केलेल्या फ्लँजमध्ये मधून बाहेर पसरलेला. क्लोज्ड डायमध्ये तो आकाराबरोबर वळतो आणि पार्टिंग लाइनपाशी (दोन डाय जुळतात ती रेषा) फ्लॅशकडे (डायबाहेर पिळून आलेला जादा धातू) बाहेर निघतो, त्यामुळे ड्रॉइंगमध्ये मागितलं नसेल तर ती जागा टाळाच.

मग खात्री करायची. कूलंट लावून सॉने कापा, गॅस कटिंग नको, आणि एकमेकांना काटकोनात असलेले दोन फेस घ्या, कारण तंतू टोकाकडून कापले गेले तर रेषा दिसतच नाहीत, नुसते ठिपके. फेस ग्राइंड करून हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि पाणी निम्मं निम्मं, ७० ते ८० अंशांवर, साधारण १५ ते ३० मिनिटं (फ्यूम हूडमध्येच, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, उलटं नाही). बाहेर काढून ब्रशने काळा थर घासून धुवा, वाळवा, लाइट तिरपा धरा, रेषा उठून दिसतात.

मायक्रोस्कोपखाली बघणार असाल तर पॉलिश करून एच न करताच (ॲसिड न लावताच) बघा, मँगनीज सल्फाइडच्या लांबट करड्या रेघा दिशा सांगतात. बरेच जण नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) लावून ग्रेनचा आकार बघतात आणि फसतात, कारण नॉर्मलायझिंगनंतर ग्रेन सगळीकडून सारखेच दिसतात पण इन्क्लूजन (आत अडकलेले परके कण) आणि सेग्रिगेशन (मिश्रण कमीजास्त झालेले भाग) तसेच ताणलेले राहतात. सल्फर फार कमी असेल किंवा कॅल्शियम ट्रीटमेंट झालेली असेल तर मात्र रेघा पुसट मिळतात, मग सावकाश थंड केलेल्या तुकड्यावर नायटलने बँडिंग (फ्लोच्या दिशेतले पट्टे) बघावं लागतं.

दिशा कळली की कापायच्या आधीच जॉबवर बाण काढा आणि तो प्रत्येक सॅम्पलच्या टोकावर उतरवा, १० बाय १० चा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी सारखाच दिसतो. रिपोर्टमध्ये एल-टी, टी-एल असं लिहायचं (एल म्हणजे फ्लोची दिशा, टी म्हणजे त्याला आडवी), पहिलं अक्षर सॅम्पलच्या लांबीचं, दुसरं क्रॅक जाणाऱ्या दिशेचं. फ्लो वळतोय अशा ठिकाणी ५५ मिमी लांबी सरळ फ्लोमध्ये बसत नसेल तर नॉचखालच्या (खाचेखालच्या) जागेचा फ्लो धरा, तुटतं तिथेच.